शिशाची रेघ

रंगीत काचेच्या खिडकीकडे पाहणाऱ्याला काचा दिसतात. त्या काचांना एकत्र धरून ठेवणारे शिसे दिसत नाही. निळा झगा, तांबडी किनार, पिवळे तेजोवलय, एवढे तो मनात साठवून घरी नेतो. झगा आणि किनार यांच्यामधून गेलेली काळी रेघ त्याच्या लेखी चित्रकाराने काढलेली बाह्यरेषा असते. वस्तुतः ती कोणी काढलेली नसते. ती ओतलेली, ओढलेली, वाकवलेली आणि झाळलेली धातूची पट्टी असते. आणि ती काढून घेतली तर झगाही उरत नाही आणि संतही उरत नाही, उरतो तो रंगीत काचांचा ढीग. या पट्टीविषयी चार गोष्टी सांगाव्यात, आणि त्या निमित्ताने पानिपतजवळच्या काला अंबाचे मुंबईच्या कुलाब्यातील एका चर्चशी जे नाते आहे ते उलगडावे, असा आमचा विचार आहे. खिडकी आणि रणांगण ही जोडी प्रथमदर्शनी ओढूनताणून आणल्यासारखी वाटेल. ती तशी नाही, हे दाखविण्याची जबाबदारी अर्थातच आमची.

आधी पट्टी पाहू. तिचा छेद घेतला तर तो रोमन लिपीतील एच या अक्षरासारखा, आडवा पडलेला दिसतो. मध्ये एक पातळ कणा आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन पाती. त्यामुळे पट्टीच्या दोन्ही अंगांना दोन पन्हळी तयार होतात. एका पन्हळीत या काचेची कड बसते, दुसऱ्या पन्हळीत शेजारच्या काचेची. पट्टी जेथे दुसऱ्या पट्टीला मिळते, तेथे कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने सांधा झाळतात. मग पात्यांखाली जवसाचे तेल आणि खडूची भुकटी यांचे लुकण भरतात, म्हणजे पाऊस आत येत नाही आणि काचा खुळखुळत नाहीत. शेवटी ही सबंध चौकट तांब्याच्या तारांनी आडव्या लोखंडी गजांना बांधतात, कारण शिसे जड आहे आणि मऊही आहे. आधार नसेल तर ते स्वतःच्याच भाराने खाली बसू लागते.

आता, लोखंड सोडून इतका मऊ धातू का निवडला, असे कोणी विचारील. तर त्याच्या मऊपणासाठीच. संताच्या बोटाभोवती, घोड्याच्या मानेभोवती, द्राक्षाच्या वेलीभोवती जी पट्टी वळवायची, ती हाताने वळली पाहिजे. शिसे ३२७ अंशांवरच वितळते, साध्या भट्टीत ओतता येते, चाकूने कापता येते. दुसरे कारण डोळ्यांचे आहे. उजेड मागून येत असताना निळा रंग आपली हद्द सोडून शेजारच्या रंगावर पसरल्यासारखा दिसतो. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद व्हिऑले-ल-द्यूक याने या गोष्टीचा बारकाईने विचार केला होता. काळी रेघ मध्ये असली म्हणजे हे अतिक्रमण थांबते. एवंच, जी रेघ दोन काचांना जोडते तीच त्यांना वेगळेही राखते. जोडणे आणि वेगळे राखणे ही दोन कामे एकाच वस्तूने करावीत, हे आम्हाला या विद्येतले सर्वांत मोठे मर्म वाटते.

बाराव्या शतकात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका साधूने कारागिरीवर लॅटिन भाषेत ग्रंथ लिहिला. काच कशी करावी, रंग कसा भाजावा, शिसे कशात ओतावे, हे सर्व त्यात आले आहे. शिशाच्या या पट्ट्यांना तो जो शब्द वापरतो, त्याचा मूळ अर्थ बोरू. वेताच्या कांडीसारखी सरळ, बारीक पट्टी, म्हणून बोरू. हाच शब्द ग्रीकमधून अरबीत गेला आणि तेथून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. तो म्हणजे आपले कलम. पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून हातात धरीत होता ते कलम आणि युरोपातील चर्चच्या खिडकीत काचा धरून बसलेली शिशाची पट्टी, ही एकाच शब्दाची दोन लेकरे आहेत. पुढे या योगायोगाचा आम्हाला उपयोग होणार आहे.

भारतात काचा जोडण्याचे काम फार करून लाकडाने केले. वाड्यांच्या दारांवरच्या अर्धगोल झरोक्यांत लाकडी पट्ट्यांत बसवलेली रंगीत तावदाने अनेकांनी पाहिली असतील. गोव्यातील जुन्या घरांत तर काचेऐवजी कालवांचे पारभासक शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवीत. शिशात बांधलेली खिडकी मुंबईत मोठ्या प्रमाणावर आली ती इंग्रजांच्या चर्चांबरोबर आणि सार्वजनिक इमारतींबरोबर. त्यांपैकी जे चर्च आपल्या विषयाशी सर्वांत निगडित आहे, ते कुलाब्याचे सेंट जॉन चर्च. मुंबईकर त्याला अफगाण चर्च म्हणतात. १८४७ साली त्याची कोनशिला बसली, १८५८ साली ते उपासनेसाठी खुले झाले, आणि सुमारे २०० फूट उंचीचा त्याचा मनोरा १८६५ साली पुरा झाला. त्याच्या रंगीत खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स या विख्यात कारागिराच्या आहेत.

हे चर्च अफगाण कशामुळे? पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत, म्हणजे १८३८ ते १८४३ या वर्षांत, जे कामी आले त्यांचे ते स्मारक आहे. युद्धाचे निमित्त होते काबूलची गादी. इंग्रजांनी ज्याला त्या गादीवर पुन्हा बसविण्याचा घाट घातला, तो शाह शुजा तैमूर शाहाचा मुलगा, आणि तैमूर शाह अहमदशाह अब्दालीचा. म्हणजे पानिपतावर आपल्याला धुळीस मिळविणाऱ्या अब्दालीच्या नातवाला सिंहासन मिळवून देण्यासाठी, पानिपतानंतर ७८ वर्षांनी, मुंबईची फौज बोलन खिंड ओलांडून गेली. सर जॉन कीन यांच्या हाताखाली १८३९ च्या जुलैत गझनी पडली, ऑगस्टमध्ये शाह शुजा काबूलला पोहोचला, आणि १८४२ च्या एप्रिलमध्ये त्याचा खून झाला. मुंबई इलाख्याच्या पलटणींत दख्खनचे आणि कोकणचे शिपाई होते. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या ज्या पाचव्या पलटणीचा वारसा आज मराठा लाइट इन्फंट्रीची ‘काली पाचवी’ सांगते, तिची एक तुकडी १८४० साली मरी टोळ्यांच्या मुलखात काहान येथे कित्येक महिने वेढ्यात अडकून झुंजत राहिली होती. आजोबांशी लढताना ज्यांचे पणजे-आजे पडले, त्यांच्यापैकी काहींची नातवंडे नातवासाठी लढली असतील, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. इतिहास असा आडवळणाने सांधे जोडतो.

आता काला अंबाकडे वळू. दिल्लीत नेमणुकीवर असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे ठिकाण पाहिलेले असते, किंवा १४ जानेवारीला तेथे जमणाऱ्या मंडळींबरोबर जायचे ठरवून ते राहून गेलेले असते. पानिपत आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटर. शहराबाहेर काही अंतरावर एक विटांचा स्तंभ आणि त्याभोवती लोखंडी कठडा आहे. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेब येथे लढत होते, असे परंपरा सांगते. रक्ताने भिजलेल्या त्या मातीत एक आंबा होता आणि त्याचा रस काळसर निघे, म्हणून तो काला अंब. तो आंबा केव्हाच वठला. त्याच्या लाकडाची कवाडे केली गेली, तीही जपून ठेवण्यात आली आहेत, असे सांगतात.

त्या दिवशी त्या मैदानावर शिसे फार होते. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाकडे बंदुका होत्या. अब्दालीकडे पल्लेदार बंदुका होत्या आणि उंटांवर लादलेल्या जंबुरका होत्या. तिसऱ्या प्रहरी विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचा पारडा फिरला. तलवारीचे, भाल्याचे, तोफेचे वर्णन बखरकार चवीने करतात. बंदुकीच्या शिशाचे वर्णन कोणी करीत नाही. खिडकीतले शिसे डोळ्यांना दिसत नाही, तसे रणांगणावरचेही दिसत नाही.

या संहाराची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना मिळाली, ती एका सावकारी पत्रावरून, अशी प्रसिद्ध कथा आहे. त्या पत्राची भाषा सांकेतिक होती. दोन मोती गेले, २७ मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याला गणती नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार. त्याखाली रुपये, आणि त्याखाली खुर्दा, म्हणजे तांब्याची मोड. ज्यांची घरे सातारा, पुणे, अहमदनगर, रत्नागिरी या प्रदेशांतल्या खेड्यापाड्यांत होती, ज्यांच्या बायका वर्षानुवर्षे वाट पाहत राहिल्या, ते सर्व या शेवटल्या शब्दात आले.

कुलाब्याच्या चर्चमधील स्मृतिलेख वाचताना आम्हाला हे पत्र आठवल्यावाचून राहत नाही. त्या लेखात म्हटले आहे की, अधिकाऱ्यांची नावे वेदीजवळच्या भिंतींवर लिहिली आहेत. आणि त्यांच्याखालचे नाईक, हवालदार, शिपाई यांची संख्या इतकी मोठी की त्यांची नावे नोंदणे शक्य झाले नाही. सावकार हिंदुस्थानी, लेख इंग्रजांचा. एक पराभवाच्या दुसऱ्या दिवसांतला, दुसरा बऱ्याच वर्षांनी शांतपणे कोरलेला. परंतु हिशेब एकच. मोहरा मोजल्या, खुर्दा मोजला नाही. त्या भिंतींवर जो उजेड पडतो, तो शिशाने धरलेल्या काचांतून येतो; आणि ज्यांनी ते युद्ध खरोखर धरून ठेवले, त्यांचे नाव त्या उजेडात नाही.

मग पानिपताचे जे चित्र आज आपल्या मनात आहे, ते कोणी जोडले? हा प्रश्न आमच्या दृष्टीने या लेखाचा गाभा आहे. कारण त्या दिवशी संध्याकाळी जे उरले ते तुकडे होते. एक तुकडा नाना फडणविसांच्या आत्मचरित्रात आहे. ते तरुण वयात तेथे होते आणि जीव वाचवून निघाले. एक तुकडा भाऊसाहेबांच्या बखरीत आहे. एक भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेल्या पत्रांत आहे. पैसा पाठवा, धान्य पाठवा, शत्रूची रसद तोडा, ही त्या पत्रांची निकड वाचताना अंगावर काटा येतो. आणि सर्वांत सलग तुकडा काशिराज पंडिताचा आहे. हा काशिराज दक्षिणी ब्राह्मण, अयोध्येच्या नबाब शुजाउद्दौल्याच्या पदरी नोकरीस होता. म्हणजे तो मराठी, पण उभा होता विरुद्ध बाजूच्या छावणीत. लढाईनंतर भाऊसाहेबांच्या आणि विश्वासरावांच्या देहांची ओळख पटविणे व त्यांचे अंत्यसंस्कार यांच्या खटपटीत तो होता. जे पाहिले ते पुढे त्याने फारसीत लिहून ठेवले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत आले.

हे तुकडे वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या दफ्तरांत पडून होते. त्यांना पट्टी घालण्याचे काम विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आरंभिले. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद ४५ भागांत संपादिले. आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ इंग्रजीत १९४६ साली व मराठीत १९६१ साली, लढाईला २०० वर्षे पुरी होत असताना, वाचकांना दिला. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या काळच्या छापखान्यातले खिळे शिशाचे असत, अँटिमनी आणि कथील यांची त्यात थोडी भर. दोन ओळींत अंतर राहावे म्हणून जुळारी मध्ये पातळ पट्ट्या घालीत असे, त्याही शिशाच्या. ज्या धातूने विश्वासराव गेले, त्याच धातूने त्या मोहिमेची पत्रे जुळवली गेली. कलम आणि शिशाची पट्टी ही एका शब्दाची लेकरे, हे आम्ही वर म्हटले ते केवळ शब्दापुरते खरे नाही.

पण जोडकामाला एक व्याधीही असते. खिडकीतली काच तडकली म्हणजे घाईचा कारागीर तडेच्या जागी आणखी एक शिशाची पट्टी घालतो. काच टिकते, परंतु नवी रेघ संताच्या गालावरून जाते. पुढच्या पिढीला वाटते की मुळातच तेथे व्रण होता. पानिपताच्या खिडकीतही एका ठिकाणी अशी तड आहे, आणि ती भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर आहे. देह सापडला आणि त्याला अग्नी दिला, असे काशिराज सांगतो. पण ते पुण्याच्या मनाने पूर्णपणे घेतले नाही. पार्वतीबाईंनी १७८३ साली मृत्यू येईपर्यंत कुंकू पुसले नाही. त्या तडेत एक माणूस येऊन बसला आणि म्हणाला, मीच सदाशिवराव. तोतयाचे बंड म्हणून हे प्रकरण गाजले. पुष्कळांनी त्याला खरे मानले, आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. रिकामी जागा माणसाला पाहवत नाही. खरा तुकडा मिळेना तेव्हा त्याच रंगाचा दुसरा बसवला जातो. काळ्या रसाच्या आंब्याची कथाही त्याच जातीची म्हणावी लागेल. फरक इतकाच की तिने कोणाचे नुकसान केले नाही, उलट जागेची आठवण राखली.

आता, शिसे कायमचे नसते. उन्हाने ते काचेच्या सुमारे तिप्पट पसरते, रात्री आकसते. वर्षानुवर्षांच्या या ताणाने सांध्यांजवळ बारीक चिरा पडतात. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंडी गज गंजून फुगतात, खिडकी पोटाशी फुगीर होते. साधारण शंभर-सव्वाशे वर्षांत बहुतेक खिडक्यांना नवे शिसे घालावे लागते. मजेची गोष्ट अशी की, मध्ययुगातले अशुद्ध शिसे पुढच्या काळातल्या शुद्ध शिशापेक्षा पुष्कळदा अधिक टिकले. त्यात तांबे, कथील, अँटिमनी यांचा जो अंश राहून जाई, त्याने त्याला बळ दिले. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पुरे झाले. त्या इमारतीची आणि ग्रंथालयाच्या रंगीत काचांची डागडुजी २०१३ ते २०१५ या काळात झाली. मुंबईतील अशा काचांच्या जतनाच्या कामात स्वाती चंदगडकर यांचे नाव आदराने घेतले जाते. म्हणजे हे परदेशी कसब आता मराठी हातांतही आले आहे.

या कामाची रीत मनन करण्याजोगी आहे. खिडकी उतरवल्यावर प्रथम तिच्यावर कागद ठेवून मेणखडू घासतात, म्हणजे शिशाच्या रेघांचा जाळीदार ठसा उठतो. प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात. मगच जुने शिसे सोडवतात. गालावरून गेलेली उपरी पट्टी शक्य असेल तेथे काढून काच कडेकडेने चिकटवतात. जो तुकडा हरवला असेल तेथे नवा बसवतात, परंतु तो नवा आहे हे जवळून पाहणाऱ्याला कळेल अशी खूण ठेवतात. जुन्याची बतावणी करायची नाही, हा त्यांचा नियम. इतिहास लिहिणाऱ्याला याहून कडक आणि याहून सोपा नियम दुसरा सांगता येणार नाही.

आणि शेवटी खुर्द्याविषयी. पानिपतावर पडलेल्या सामान्य माणसांची नावे सर्वस्वी नाहीशी झाली आहेत, असे आम्ही मानीत नाही. मराठी घराण्यांच्या कुलवृत्तांतांत, वंशावळींत, देवघरातल्या जुन्या बाडांत, एखाद्या नावापुढे ‘पानिपतावर पडले’ एवढीच तीन-चार शब्दांची नोंद असते. पुढची शाखा तेथे खुंटलेली असते. अशी नोंद ज्यांच्या घरी आहे, त्यांपैकी कित्येक आज या नियतकालिकाचे वाचक आहेत. त्यांची नेमणूक दिल्लीत आहे, चंदीगडला आहे, लखनौला आहे. कागद मात्र सातारला किंवा रत्नागिरीला माळ्यावर आहे. सुट्टीत गावी गेल्यावर ती नोंद उतरवून घ्यावी, तिची तारीख, नाव, गाव जसेच्या तसे लिहावे, आपल्या पदरची एकही रेघ त्यात घालू नये, आणि ती संशोधकांच्या हाती द्यावी. मंडळाच्या वार्षिक सभेत भाषणे होतात ती होवोत. पण अशा पाच-पन्नास नोंदी एकत्र आल्या तर सावकाराच्या पत्रातला शेवटचा शब्द थोडा तरी मोजला जाईल.

काशिराज पंडित हाही शेवटी घरापासून दूर नेमणुकीवर असलेला एक मराठी कारभारीच होता. दोन छावण्यांच्या मधोमध उभे राहून, दोन भाषा जाणून, त्याने पाहिले ते लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला त्या दिवसाचा एक सलग तुकडा मिळतो. दोन मुलखांच्या सांध्यावर राहणाऱ्यांचे काम बहुधा असेच असते. ते काम करणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. पण तो ढळला तर काचा खाली येतात.